काठीआधी वही हवी

तारापूरच्या कारखान्यांत तीन पाळ्या चालतात, हे बोईसर भागातल्या आपल्या घराघरांत ठाऊक आहे. दुसऱ्या पाळीचा माणूस मध्यरात्री घरी येतो. पहिल्या पाळीची भगिनी उजाडायच्या आत डबा घेऊन घराबाहेर पडते. बोईसर-चिल्हार रस्त्यावरच्या बेटेगावसारख्या गावात अशा माणसांना रोज अंधारातून चालावे लागते. त्यातच एखादी घरफोडी होते, सायकल जाते, रस्त्यात मुलीला कोणी अडवते, आणि मग वस्तीत एकच बोलणे सुरू होते, 'आता आपणच रात्री पहारा दिला पाहिजे.'

बोलणे चुकीचे नाही. पण पहारा कोणी द्यायचा, कोणाला सांगून द्यायचा आणि पहारेकऱ्याने काय करायचे नाही, हे आधी ठरले पाहिजे. ते न ठरवता काठ्या घेऊन बाहेर पडले की काय होते, हे आपल्याच जिल्ह्याने पाहिले आहे. म्हणून या वेळी आम्ही या सदरात हा विषय घेत आहोत.

पहारा म्हटले की आपल्यातील वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठी पडते. तिला कारण आहे. गावाची राखण, चोराचा माग, सरकारी निरोप, अंमलदाराच्या घोड्यापुढे धावणे ही कामे पिढ्यान् पिढ्या महारकीच्या नावाने आपल्या वाडवडिलांच्या माथी मारली गेली. मोबदला म्हणजे तुकडाभर वतनी जमीन आणि घरोघरचे बलुते. काम मात्र रात्री-अपरात्री, बोलावतील तेव्हा. चोर सापडला नाही तर संशय पुन्हा राखणदारावरच. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आणले, ते ही वेठ मोडण्यासाठीच. पुढे १९५८ च्या कायद्याने ही कनिष्ठ वतने रद्द झाली. म्हणून एखादे आजोबा म्हणाले, 'पुन्हा आपल्याच पोरांनी गाव राखायचे का?' तर त्यांना हसू नये. त्यांचा प्रश्न रास्त आहे.

त्याचे उत्तर असे की, वेठ आणि स्वयंसेवा यांत फरक आहे. वेठीत एकाच जातीने जागायचे आणि बाकीच्यांनी झोपायचे असते. स्वयंसेवेत प्रत्येक घराची पाळी येते. जुन्या वस्तीतला माणूस असो, आदिवासी पाड्यावरचा असो, सोसायटीतला असो की भाड्याच्या खोलीतला उत्तर प्रदेश-बिहारचा कामगार असो, सगळ्यांची नावे एकाच यादीत हवीत. फक्त आपल्याच वस्तीतल्या पोरांना रात्री उभे करून बाकीचे गाव निवांत झोपणार असेल, तर त्या पहाऱ्याला आपण सरळ नकार द्यावा.

दुसरी अडचण पोलिसांविषयीच्या विश्वासाची आहे. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली. तिच्या निषेधासाठी जमलेल्या लोकांवर राज्य राखीव पोलीस दलाने गोळीबार केला आणि १० माणसे मारली गेली. ते आपण विसरलेलो नाही आणि विसरणारही नाही. तक्रार घेऊन गेलेल्या गरिबाला ठाण्यात तासन् तास बाकावर बसवून ठेवले जाते, हाही अनेकांचा अनुभव आहे. मग अशा पोलिसांबरोबर काम का करायचे?

आमचे म्हणणे असे की, पोलीस कोणाच्या घरचे नाहीत. ते कायद्याने नेमलेले आणि आपल्या करातून पगार घेणारे नोकर आहेत. आपण दूर राहिलो म्हणून ठाणे बंद पडत नाही. ते ज्यांची ऊठबस तिथे आहे, त्यांचे होते. जमीनमालक, ठेकेदार, पुढारी यांची ओळख ठाण्यात असते आणि कामगार-वस्तीची नसते, म्हणून वेळ आली की आपले ऐकले जात नाही. बिटाच्या हवालदाराला वस्तीतल्या दहा माणसांची आणि दहा बायांची नावे ठाऊक असतील, तर त्याचे वागणेही बदलते. शिवाय प्रत्येक गोष्टीची लेखी नोंद असेल, तर उद्या त्याला जाब विचारता येतो.

आता पोलिसांना बाजूला ठेवून पहारा दिला तर काय होते ते पाहू. एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदी चालू होती. डहाणू-तलासरी पट्ट्यात अफवा पसरली होती की, रात्री चोर येतात, मुले पळवतात, माणसांचे अवयव काढतात. गावोगावी लोक काठ्या-दगड घेऊन रात्री जागू लागले. १६ एप्रिलच्या रात्री डहाणू तालुक्यातील गडचिंचले येथे मुंबईहून सुरतेकडे अंत्यविधीसाठी निघालेली एक गाडी अडवली गेली. गाडीत दोन साधू आणि एक चालक होता. टाळेबंदीमुळे मोठा रस्ता सोडून ते आतल्या वाटेने निघाले होते. जमाव वाढत गेला. पोलीस आले, पण ते थोडे होते आणि जमाव मोठा होता. पोलिसांच्या डोळ्यांदेखत तिघांना ठेचून मारले गेले.

पुढे शंभराहून अधिक माणसे अटकेत गेली. त्यांतले बहुतेक हातावर पोट असलेले आदिवासी होते. घरचे कमावते हात तुरुंगात गेले आणि मागे बायका-मुले वकील शोधत फिरली. घटनेला धार्मिक रंग देण्याचाही प्रयत्न झाला, तेव्हा अटक झालेल्यांत एकही मुसलमान नाही, असे त्या वेळच्या गृहमंत्र्यांना जाहीर करावे लागले. त्या रात्री जागणाऱ्यांतले कितीतरी जण आपल्या लेकरांच्या काळजीनेच जागत असतील. पण त्या जागण्याला ना यादी होती, ना प्रमुख, ना ठाण्याशी बांधलेला धागा. होती ती भीती आणि हातात काठी. भीतीच्या हातात काठी आली की निरपराध माणूस मरतो.

त्याआधी १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथेही असेच घडले. मुले पळवणारी टोळी आली, या अफवेवरून नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच भटक्या माणसांना बाजाराच्या दिवशी जमावाने मारून टाकले. ती माणसे भिक्षा मागून पोट भरणारी होती. अनोळखी चेहरा, मळके कपडे, वेगळी भाषा एवढ्यावरून ज्यांना चोर ठरवले जाते, ते बहुधा गरीब, भटके आणि परगावचेच असतात. ज्या समाजाने शतकानुशतके हा संशय सोसला, त्या समाजाच्या तरुणांनी तो दुसऱ्यावर घेऊ नये.

या उलट चांगले उदाहरणही लांबचे नाही. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी वेगळा झाला. त्याआधी आपण ज्या ठाणे जिल्ह्यात होतो, त्याच जिल्ह्यातले हे यंत्रमाग कामगारांचे शहर, भिवंडी. १९७० आणि १९८४ साली तिथे भीषण दंगली झाल्या होत्या. १९८८ मध्ये सुरेश खोपडे तिथे पोलीस उपायुक्त म्हणून आले. त्यांनी मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या. प्रत्येक भागात हिंदू आणि मुसलमान अशी दोन्हीकडची साधी माणसे आणि त्या भागाचे पोलीस एकत्र बसू लागले. महत्त्वाचे हे की, या बैठका दंगल पेटल्यावर नव्हे, तर शांत दिवसांत होत. त्यामुळे माणसे एकमेकांना नावाने ओळखू लागली आणि हवालदारही त्यांना ओळखू लागला.

डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई पेटली. श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालाप्रमाणे ९०० माणसे मेली. भिवंडी मात्र शांत राहिली. अफवा आली की कमिटीची माणसे ती लगेच खोडून काढू शकत होती, कारण खरे काय ते विचारायला समोरच्या मोहल्ल्यात ओळखीचा माणूस होता. तोवर खोपडे बदलून गेले होते, पण कमिट्या टिकल्या. पुढे १९९४ पासून मुंबईतही ज्युलिओ रिबेरो, सतीश साहनी, सुशोभा बर्वे यांच्यासारख्यांच्या प्रयत्नांतून मोहल्ला कमिटीची चळवळ उभी राहिली.

म्हणजे गडचिंचल्यातही लोक जागे होते आणि भिवंडीतही जागे होते. फरक ओळखीचा आणि शिस्तीचा होता. बेटेगावच्या वाचकांना आमचे सांगणे या अनुभवातून आले आहे.

पहिली गोष्ट, काठीआधी वही घ्या. महाराष्ट्र पोलीस कायद्यात ग्रामरक्षक दलाची तरतूद आहे आणि ते नेमण्याचा अधिकार जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांना आहे. तेव्हा ग्रामपंचायत आणि पोलीस पाटील यांना बरोबर घेऊन बोईसर पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्यावा. स्वयंसेवकांची नावे, पत्ते आणि पाळीचे वार अर्जासोबत जोडावेत. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी. ज्याचे नाव यादीत नाही, त्याने रात्री पहाऱ्यावर फिरू नये. दारू पिऊन आलेल्याला त्या रात्री घरी पाठवावे, मग तो कोणाचाही मुलगा असो.

दुसरी गोष्ट, यादीत माता-भगिनी हव्यात. त्यांनी रात्री दोनला नाक्यावर उभे राहिलेच पाहिजे असे नाही. पण रस्त्याचा कोणता तुकडा अंधारा आहे, कोणत्या पानटपरीसमोरून मुली मान खाली घालून जातात, कोणत्या घरात रोज मारहाण होते, हे पुरुषांपेक्षा त्यांना जास्त ठाऊक असते. कित्येकदा पहारा लावण्यापेक्षा दिव्याचा खांब लावल्याने जास्त काम होते. असे बंद दिवे वहीत लिहावेत आणि दर महिन्याला ग्रामपंचायतीला द्यावेत.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे, स्वयंसेवकाचे काम पाहणे, लिहिणे आणि कळवणे एवढेच आहे. दोघांनी मिळून फिरावे. बॅटरी, शिट्टी आणि मोबाइल जवळ असावा. संशय आला तर ११२ क्रमांक लावावा आणि वेळ वहीत टिपावी. वाटसरूची झडती घेणे, आधार कार्ड मागणे, थोबाडीत मारणे, खांबाला बांधणे, फोटो काढून सगळीकडे पाठवणे, यांतले काहीही करण्याचा अधिकार आपल्याला नाही. डोळ्यांसमोर गंभीर गुन्हा घडत असेल, तर साध्या नागरिकालाही गुन्हेगाराला पकडता येते. पण भारतीय नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे त्याला विनाविलंब, आणि कोणत्याही परिस्थितीत सहा तासांच्या आत, पोलिसांच्या स्वाधीन करावे लागते. पकडलेल्या माणसावर हात टाकला की आरोपी तो राहत नाही, आपण होतो. पाच किंवा अधिक जणांनी मिळून जात, भाषा, जन्मस्थान अशा कारणावरून कोणाचा खून केला, तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत प्रत्येकाला जन्मठेप किंवा फाशीची तरतूद आहे. हे घरातल्या तरुण मुलाला बसवून सांगा.

चौथी गोष्ट अफवेची. मोबाइलवर आलेला निरोप पुढे ढकलण्याआधी ठाण्यात फोन करून विचारावे. गावात दोन-तीन माणसे नेमावीत, ज्यांनी विचारून आलेले खरे उत्तर विहारात, मंदिरात, मशिदीत आणि चाळीच्या चौकात सांगावे.

पाचवी गोष्ट आमच्या भगिनींसाठी विशेष. सुरक्षा समिती म्हणजे न्यायालय नव्हे. दोन शेजाऱ्यांचे नळावरचे भांडण समितीने जरूर मिटवावे. २००७ साली सुरू झालेल्या तंटामुक्त गाव मोहिमेत गावोगावी असे कितीतरी तंटे मिटले. पण बाईवर झालेला अत्याचार, लहान मुलीशी केलेली छेडछाड किंवा जातीवरून झालेली मारहाण समितीत मिटवायची नसते. 'गावाची अब्रू जाईल, मिटवून टाका,' असे जो म्हणेल तो तुमचा हितचिंतक नाही. तिथे समितीचे काम एकच, फिर्यादीबरोबर ठाण्यात जाणे. दखलपात्र गुन्ह्याची फिर्याद कोणत्याही ठाण्यात नोंदवता येते आणि तिची प्रत फुकट मिळते. अंमलदाराने नकार दिला तर लेखी तक्रार पोलीस अधीक्षकांकडे पाठवता येते.

पोलिसांनाही या वहीचा आग्रह धरावा. महिन्यातून एकदा बिटाच्या अंमलदाराने वस्तीत येऊन बसावे, मागच्या महिन्यात कळवलेल्या गोष्टींचे काय झाले ते सांगावे आणि वहीत सही करावी. सहकार्य दोन्ही बाजूंनी असते. आपण जागायचे आणि त्यांनी फक्त पाठ थोपटायची, असे चालले तर ती जुनीच राखण नव्या नावाने आली, असे समजावे.

सुरुवात मोठी करायची गरज नाही. येत्या रविवारी विहारातील वंदना झाली की अर्धा तास थांबा. शंभर पानांची एक वही आणा. शेजारच्या चाळीतील परप्रांतीय कामगारांनाही निरोप द्या आणि त्यांना आपल्या बरोबरीने सतरंजीवर बसवा. पहिल्या पानावर नावे लिहा, दुसऱ्या पानावर बंद पडलेले दिवे लिहा. सोमवारी ती यादी घेऊन चार जणांनी, त्यांत निदान दोन भगिनी असाव्यात, पोलीस ठाण्यात जावे आणि पोच घेऊनच परतावे. पोच मिळाल्यावरच पहाऱ्याची पहिली रात्र ठरवावी.