सिकलचं विचारा, पण दारात उभं राहून नको



जून लागला की वस्तीतल्या घरगुती पाळणाघरांत नवी लेकरं येतात. मोठी भावंडं शाळेत जायला लागतात, उन्हाळ्यात आलेली आजी गावाला परतते, आणि कामाला जाणाऱ्या आईपुढे लहान्याला ठेवायचं कुठं हा प्रश्न उभा राहतो. ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तिथं पाळणाघराची सोय हवी, असं मातृत्व लाभ कायद्यात २०१७ च्या दुरुस्तीने आलं. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात कामगार बायांच्या प्रसूती लाभाच्या विधेयकाची बाजू घेतली होती, त्याच वाटेवरचा हा कायदा. पण चार घरची भांडी घासणाऱ्या बाईच्या चार मालकिणी, आणि त्यातल्या एकीलाही तो लागू होत नाही. मग उरते ती आपल्या गल्लीतली दोन खोल्यांची ताई.

त्या ताईकडे नाव कसं घातलं जातं? दारात. "किती घेता?" "सकाळी किती वाजता आणू?" "डबा सोबत देजो, आणि चड्ड्या दोन-तीन ठेवजो." पाच मिनिटांत लेकरू परक्या हातात. आपण भाजी घ्यायला याहून जास्त वेळ लावतो.

मागच्या वर्षी उत्तर नागपुरातल्या एका वस्तीत काय झालं ते सांगते. दीड वर्षाचं पोरगं. पाळणाघरात येऊन तिसरा आठवडा चालू होता. दुपारी रडायला लागलं, दोन्ही हातांची बोटं सुजली, अंग तापलं. ताईला वाटलं, पडलं असेल, नाहीतर किडा चावला असेल. तिने फडक्यात बर्फ बांधून सुजेवर धरला. लेकरू आणखीच किंचाळलं. संध्याकाळी आई आली, तिनं हात पाहिले आणि एक शब्द न बोलता ऑटो केला. आठ दिवस दवाखान्यात होतं. पोराला सिकल होता, एसएस. आईला माहीत होतं. सांगितलं नव्हतं.

मी तिला विचारलं, का नाही सांगितलं? ती म्हणाली, "सांगितलं असतं तर घेतलं असतं का वो तिनं?"

आपण रोज पंचशील म्हणतो, चौथं शील आपल्याला तोंडपाठ आहे. तरी त्या आईला दोष द्यायला माझी जीभ उचलत नाही. तिने आधी दोन दारं पाहिली होती. एका दारात खरं बोलली आणि परत आली. दुसऱ्या दारातल्या बाईने ती गोष्ट वस्तीभर केली, आणि पोराच्या आत्याच्या सोयरिकीत ती अडकली. तिसऱ्या दारात ती गप्प बसली.

आता ताईची बाजूही ऐका, कारण तीही चुकीची नाही. ती मला म्हणाली, "मी काय नर्स आहे का? उद्या लेकराला काही झालं तर वस्ती मलाच धरेल. यापुढे सिकलवाला पोरगा घेणारच नाही." भीती खरी आहे, निर्णय मात्र चुकीचा आहे. विदर्भात आदिवासींमध्ये आणि आपल्या समाजात सिकलसेल जास्त आढळतो. "घेणार नाही" म्हटल्याने ही लेकरं पाळणाघरात यायची थांबत नाहीत, फक्त न सांगता येतात. ज्या लेकराचं ठाऊक आहे ते सांभाळता येतं. ठाऊक नसलेल्यालाच बर्फ लावला जातो.

म्हणून माझं म्हणणं असं आहे की नाव घालताना सिकलचं प्रत्येकीला विचारायचं. आपल्या-परक्या सगळ्यांना, चेहरा पाहून नव्हे. दारात नाही, दुसऱ्या आया उभ्या असताना नाही. आत बसवा, पाणी द्या, आणि विचारण्याआधीच सांगून टाका, "काहीही असलं तरी लेकरू घेणार आहे, फक्त मला माहीत पाहिजे." हे वाक्य आधी आलं नाही तर पुढचा प्रश्न वाया जातो. उत्तर वहीत लिहायचं आणि वही कपाटात ठेवायची. शेजारणीने विचारलं तर "मला नाही माहीत". इतकं खोटं मी चालवून घेते.

"टेस्ट केली, काही नाही" असं उत्तर आलं तर टेस्ट कधी केली ते विचारा. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाची साधी सोल्युबिलिटी टेस्ट भरवशाची नसते, बाळाच्या रक्तात जन्माच्या वेळचं हिमोग्लोबिन शिल्लक असतं. अशा बाळाची एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस करावी लागते. कार्डावर एएस असेल तर लेकरू वाहक आहे, आजारी नाही, त्याला वेगळं काही करायचं नाही. आई-बाप दोघेही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात एसएस बाळाची शक्यता २५ टक्के. यात बाईचा दोष नाही, घराण्याचाही नाही. जिथं पिढ्यान्‌पिढ्या हिवताप होता तिथं सिकलचा वाहक जास्त तगला, म्हणून तो रक्तात राहिला.

एसएस लेकरू ठेवायला नर्स लागत नाही. पाणी सारखं पाजायचं, नागपूरच्या मे महिन्यात तर मागायची वाट न पाहता. कुलरच्या थेट झोतात झोपवायचं नाही, थंड पाण्याने अंघोळ नाही, सुजेवर बर्फ कधीच नाही. पेनिसिलिन पाच वर्षांपर्यंत सकाळ-संध्याकाळ असतं, म्हणजे ते आईच्या हातातच राहतं, ताईवर ओझं नाही. ताईला फक्त थर्मामीटर वाचता आला पाहिजे. ताप १०१ गेला, लेकरू एकदम पांढरं पडलं, पोट डाव्या बाजूला फुगलं, दम लागला, यातलं एकही दिसलं तर आईची वाट पाहायची नाही. सरळ मोठ्या दवाखान्यात.

इथं ताईची खरी अडचण येते. बाकीची आठ लेकरं कोणाच्या भरवशावर? म्हणून नाव घालताना दुसऱ्या माणसाचं नाव आणि नंबर लिहून घ्यायचाच, दहा मिनिटांत पोचू शकेल असं माणूस. काका, शेजारीण, विहारातली कोणी. असा माणूस ठरेपर्यंत लेकरू सुरू करू नका, मग ते सिकलचं असो की नसो. फीबद्दल मी काही बोलत नाही, ते दोघींनी पाहावं.

आणि आईनेही ताईची मुलाखत घ्यावी. लाजू नका. चूल-गॅस कुठं आहे, दुपारी घरात पुरुष कोण असतं, लेकरं झोपतात कुठं, पाणी भरून ठेवतात ते झाकलेलं असतं का, घरात कोणाला जुना खोकला आहे का. पहिला दिवस अर्धा ठेवा, स्वतः तिथं बसा. लसीचं कार्ड दोघींनी मिळून वाचा. गोवराची पहिली लस ९ महिन्यांनंतर आणि दुसरी १६ ते २४ महिन्यांत. २०२२ च्या शेवटी मुंबईच्या गोवंडीत गोवराने लेकरं गेली, तीही आपल्यासारख्याच दाट वस्तीतली. एका खोलीत नऊ लेकरं असतील तर एका लेकराचा चुकलेला डोस बाकीच्या आठांचाही प्रश्न होतो.

ते दीड वर्षाचं पोरगं त्याच ताईकडे परत आलं. दोन महिने लागले तिला तयार व्हायला. मी तीनदा गेले, तिसऱ्यांदा तर चहासुद्धा मिळाला नाही. शेवटी ती म्हणाली, "तुमचा नंबर लिहा वहीत, मग घेते." दुसरा माणूस म्हणून आता त्याच्या पानावर माझं नाव आहे. या उन्हाळ्यात दोनदा फोन आला. एकदा ताप होता. दुसऱ्यांदा तिला फक्त विचारायचं होतं, आंब्याचा रस चालतो का म्हणून.