पाचातून सात जातात!

मैत्रिणींनो, ‘पाचातून सात जात नाहीत’ असं आपण मुलांना ठासून सांगतो. वरच्या वर्गात गेल्यावर तीच मुलं ‘उणे दोन’ असं उत्तर लिहून आणतात आणि आपण खोट्या पडतो!

पण यात भलेभले अडले आहेत बरं का! ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मध्येच ‘धन’ आणि ‘ऋण’ संख्यांचे नियम लिहून ठेवले. तरी ११५० च्या सुमारास भास्कराचार्यांच्या ‘बीजगणिता’त वानरांचं एक उदाहरण आहे. कळपाचा पाचवा भाग घ्यायचा, त्यातून तीन वजा करून वर्ग करायचा. तेवढे वानर गुहेत गेले, एक बाहेर उरला. उत्तरं दोन येतात, ५० आणि ५. पण पाचाचा पाचवा भाग एक, त्यातून तीन कसे काढणार? ऋण संख्या लोकांना पटत नाही, म्हणून आचार्यांनी ५ हे उत्तर सोडून दिलं. इंग्लंडात तर १७५८ मध्ये फ्रान्सिस मासेरे यांनी अशा संख्यांविरुद्ध अख्खं पुस्तक लिहिलं!

मग मुलांना कसं समजवावं? वाण्याची वही काढा. हातात पन्नास रुपये, सामान सत्तरचं. वीस रुपये उधार राहिले. हेच उणे वीस. वाण्याने ती उधारी माफ केली, तर वीस रुपयांचा फायदाच झाला ना? ऋण वजा केलं की धन वाढतं, ते असं.

आणि ‘एवढंही येत नाही?’ असं मात्र म्हणू नका. जिथे जगाला हजार वर्षं लागली, तिथे आपल्या लेकराला आठवडा लागला तर काय बिघडलं?