‘पूरा बदलना पड़ेगा, साहब’

बावीस वर्षांच्या नोकरीत पोस्टिंग बदललं की भाजीवाला बदलतो, मुलीची शाळा बदलते, पाण्याची चव बदलते. एक वाक्य मात्र पठाणकोटला ऐकलं, जोधपूरला ऐकलं आणि गेल्या नोव्हेंबरात तेजपूरलाही ऐकलं: “पूरा बदलना पड़ेगा, साहब.” पठाणकोटला ते वॉशिंग मशीनबद्दल होतं, जोधपूरला पाण्याच्या मोटरबद्दल. या वेळी ते माझ्या नऊ वर्षांच्या गाडीच्या गिअरबॉक्सबद्दल होतं.

क्वार्टरसमोर गाडी उभी राहायची तिथे सकाळी तळहाताएवढा डाग दिसू लागला. बोट लावून वास घेतला. गंधकासारखा उग्र वास, म्हणजे इंजिनऑइल नव्हे, गिअरऑइल. अशा गिअरबॉक्समध्ये तेल असतं दोन लिटरच्या आसपास, आणि बहुतेक मॅन्युअल गाड्यांना ते मोजायला डिपस्टिक नसते. ते संपत आल्याचा दिवा डॅशबोर्डवर लागत नाही. आधी बेअरिंग गुणगुणतं, मग गिअर ओरडतात, आणि तोवर बऱ्याचदा उशीर झालेला असतो. भालुकपाँगहून वर चढणाऱ्या रस्त्यावर बायको-मुलगी गाडीत असताना असा उशीर मला नको होता.

सर्व्हिस सेंटरमध्ये गाडी लिफ्टवर चढली. ॲडव्हायझरने टॉर्च मारली, दोन मिनिटांत निकाल दिला. हाउसिंगला तडा आहे, नवीन असेंब्ली, ७८ हजार, मजुरी वेगळी, तीन आठवडे थांबा. मी तीन प्रश्न विचारले. तडा कुठून कुठवर आहे? त्याने बोट हवेत फिरवलं. का पडला? “रास्ते ख़राब हैं, साहब.” नुसतं हाउसिंग मिळेल का? कॉम्प्युटरमध्ये फक्त ‘असेंब्ली’ दिसते म्हणाला. म्हणजे आतले सगळे गिअर, शाफ्ट, सिंक्रोनायझर ठणठणीत, पण बाहेरच्या ॲल्युमिनियमच्या कवचाला बोटभर चीर, म्हणून सगळंच भंगारात.

पुण्यातल्या कोर्समेटला फोन केला. “अरे, पैसे फेक आणि मोकळा हो. तुझ्या वेळेची किंमत किती?” शेजारच्या क्वार्टरमधले मेजर म्हणाले, “सर, दोन गोळे मळून पुटी लावा. माझ्या आधीच्या गाडीने वर्ष काढलं.”

माझं भांडण या दोन्ही सल्ल्यांशी आहे. एक महागडा, एक फुकटातला, म्हणून ते एकमेकांच्या विरुद्ध वाटतात. पण ते सख्खे भाऊ आहेत. ‘बदलून टाक’ म्हणणारा आणि ‘लिंपून टाक’ म्हणणारा, दोघांनीही तडा का पडला हे विचारलं नाही. आपल्याकडे पहिल्याला आधुनिकपणा म्हणतात आणि दुसऱ्याला जुगाड म्हणून त्याचं कौतुक करतात. मी दोघांनाही आळस म्हणतो.

खासगी गाडी सरकारी वर्कशॉपमध्ये न्यायची नसते आणि मी नेली नाही. पण रविवारी चहाला आलेल्या ईएमईच्या हवालदारांना शंका विचारायला नियमाची आडकाठी नाही. त्यांनी डाग पाहिला, गाडीखाली आडवे झाले आणि पहिलंच वाक्य बोलले, “साब, पहले माउंट देखिए.”

गिअरबॉक्स ज्या रबरी माउंटवर टेकलेला असतो, त्याचं रबर आतून फाटलं होतं. प्रत्येक गिअरला, प्रत्येक खड्ड्याला सगळं धूड हिसका खात होतं आणि तो हिसका हाउसिंगच्या त्या कानावर येत होता, जिथे माउंटचा बोल्ट बसतो. तडा नेमका त्या कानाच्या मुळाशी सुरू होऊन खाली उतरला होता. साधारण चाळीस मिलिमीटर. आता विचार करा. मी ७८ हजारांची असेंब्ली त्याच फाटक्या माउंटवर बसवली असती, तर तिचीही तीच गत व्हायची होती. पुटी लावली असती तर पहिल्याच मोठ्या खड्ड्यात ती सुटली असती, कारण तिथे नुसतं तेल अडवायचं नव्हतं, भार पेलायचा होता. माउंट २,२०० रुपयांना मिळालं.

हाउसिंगचं काम तेजपूरच्या एका लेथवाल्याकडे झालं, जो आर्गन वेल्डिंग करतो. त्याच्या हाताखाली दोन सुट्या घालवल्या आणि बरंच शिकलो. गिअरबॉक्स पूर्ण खोलावा लागतो, आत बेअरिंग आणि सील ठेवून वेल्डिंग करता येत नाही. कास्टिंगच्या छिद्रांत वर्षानुवर्षं तेल मुरलेलं असतं. ते पुन्हापुन्हा धुऊन, तापवून बाहेर काढावं लागतं, नाहीतर वेल्डमध्ये बुडबुडे राहतात. तड्याच्या दोन्ही टोकांना तीन मिलिमीटरची भोकं पाडायची, म्हणजे चीर पुढे धावत नाही. मग चिरीवर व्ही-आकाराची खाच काढायची. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, पण त्यावरचा ऑक्साइडचा पापुद्रा वितळायला दोन हजारांवर अंश लागतात. म्हणून आधी घासून तो काढायचा आणि उरलेला एसी करंटने तोडायचा. भरायला सिलिकॉन असलेली तार. शेवटी सांध्याच्या पृष्ठभागावर सरळपट्टी आणि फीलर गेज लावून तो वाकला नाही ना हे पाहायचं.

आणि परीक्षा? बाहेरून खडूचा लेप, आतून रॉकेल, रात्रभर तसंच. सकाळी पांढऱ्यावर ओल दिसली नाही. मिस्त्रीने तरीही एका जागी बोट ठेवून भिंगातून पाहिलं, मगच मान हलवली. वेल्डिंग, माउंट, नवे सील, तेल, उतरवण्या-चढवण्याची मजुरी मिळून १४,६०० रुपये. त्यानंतर गाडी दोनदा सेलापर्यंत जाऊन आली आहे.

मला पैसे वाचल्याचं सांगायचं नाही. प्रश्न हा आहे की एखादी वस्तू संपली हे ठरवायचा अधिकार कोणाला? फौजेत गाडी ‘बीईआर’, म्हणजे दुरुस्ती परवडण्यापलीकडची, ठरवायची तर तपासणी होते, कारण लिहिलं जातं, कोणीतरी सही करून जबाबदारी घेतो. आमच्या पद्धतीतही कागद आणि विलंब भरपूर आहे, ते नाकारत नाही. पण निदान नवी गाडी विकणारा तिथे सही करत नाही. बाजारात निदान करणारा आणि सुटा भाग विकणारा एकच असतो. रोग सांगणाराच औषधाचं दुकान चालवतो आणि आपण त्याला ‘ऑथराइज्ड’ म्हणून मान देतो.

हे माझं एकट्याचं रडगाणं नाही. स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटींचा दंड ठोठावला होता. सुटे भाग आणि तपासणीची साधनं बाहेरच्या मेकॅनिकला मिळू न देणं, हा त्यातला मुख्य ठपका. पुढे दंडाची लढाई अपिलांत गेली. २०२२ मध्ये केंद्र सरकारने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्याच वर्षाअखेर पोर्टलही सुरू केलं, त्यात मोटारी आहेत. पण पोर्टल लिफ्टखाली वाकून पाहत नाही. ते काम ग्राहकाने करायचं, आणि आपण एसी लाउंजमध्ये कॉफी पीत बसतो.

वेळेच्या किमतीचा मुद्दा मी झटकत नाही. ज्याला दोन सुट्या देता येत नाहीत, त्याने पैसे द्यावेत, पण कारण विचारून द्यावेत. आणि प्रत्येक तडा जोडण्यासारखा नसतो. चीर बेअरिंगच्या घरातून गेली असेल तर वेल्डिंगच्या उष्णतेने ते घर वाकतं, शाफ्टची रेषा बिघडते. तिथे हाउसिंग बदलणंच शहाणपणाचं. मॅग्नेशियमचं हाउसिंग असेल तर माहीतगार हात नसताना ठिणगीसुद्धा पाडू नये. कधी तडा नसतोच. ब्रीदर तुंबल्याने आत दाब वाढून सीलमधून तेल येतं. भार नसलेल्या जागी, नीट साफ करून लावलेलं एपॉक्सी टिकतंही. पण हे सगळे निर्णय पाहून घ्यायचे असतात, कॉम्प्युटरच्या यादीवरून नव्हे.

माझ्या लेथवाल्याने जाताना सांगितलं की असं काम आता महिन्यात एखादंच येतं. लोक आणतच नाहीत. काम आलं नाही तर हात विसरतो, आणि हात विसरला की ‘पूरा बदलना पड़ेगा’ हे वाक्य खरं होतं. मग ते खोटं ठरवायला कोणी उरत नाही. ज्या देशाच्या सीमेवर सुटा भाग पोचायला कधी आठवडे लागतात, त्याला हे परवडणारं नाही. खडकीच्या बेस वर्कशॉपसारख्या ठिकाणी जे कारागीर अवजड गाड्या पार उघडून पुन्हा उभ्या करतात, ते आकाशातून पडत नाहीत. कुठल्यातरी गावच्या लेथवर कोणीतरी पहिल्यांदा त्यांच्या हातात पान्हा दिलेला असतो.

तेव्हा पुढच्या वेळी कोणी ‘पूरा बदलना पड़ेगा’ म्हणालं, तर तीन प्रश्न विचारा. कुठे, का, आणि फक्त तेवढंच का नाही? उत्तर बोटाने दाखवायला लावा. दाखवता आलं नाही तर गाडी लिफ्टवरून खाली उतरवा.

दुरुस्तीनंतर आठवडाभर मी रोज रात्री गाडीखाली पुठ्ठा पसरून ठेवत होतो. सातव्या दिवशी मुलीने तो उचलला आणि शाळेच्या प्रोजेक्टसाठी नेला. कोरडा होता.