मोगऱ्याची एक काडी द्याल का?

आपण सव्वाआठच्या फास्टमध्ये एक पाय टेकवायला जागा शोधत असतो, तोपर्यंत वसईचा मोगरा दादरला उतरून, वजन होऊन, विकलाही गेलेला असतो. कधी चुकूनमाकून पहाटेची लोकल पकडलीय? मग लगेजच्या डब्याजवळचा तो वास तुम्हाला ठाऊक असेल. ओल्या फडक्याखाली झाकलेल्या कळ्या, टोपलीत सोनचाफा, गठ्ठ्यात केळीची पानं. वर्षानुवर्षं हा माल असाच जातोय.

आणि गंमत बघा, ज्या तालुक्यातून अख्ख्या मुंबईच्या गजऱ्यांची सोय होते, तिथल्याच तिसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीत मोगऱ्याला फूल येत नाही! मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न हाच. ‘एप्रिलमध्ये नर्सरीतून आणला तेव्हा नुसता बहरलेला होता हो. आता फक्त पानं. काय करू? टाकून देऊ?’

थांबा. टाकू नका.

आधी जरा ओळख करून घेऊ, कारण ‘मोगरा’ म्हणून आपल्या गळ्यात काहीही मारलं जातं. खरा मोगरा म्हणजे जस्मिनम सॅम्बॅक. त्यातही एकेरी पाकळ्यांचा, भरगच्च गुलाबासारखा बटमोगरा, लांबट कळीचा मदनबाण असे प्रकार. जाई, जुई, कुंद ही त्याच जस्मिनम कुळातली भावंडं. जाई म्हणजे ग्रँडिफ्लोरम, जुई म्हणजे ऑरिक्युलॅटम. पारिजातक लांबचा नातेवाईक, आणि रातराणी तर नातेवाईकही नाही; ती मिरची-वांग्याच्या घराण्यातली. कुंदाला बहर थंडीत येतो, मोगऱ्याला उन्हाळ्यात. त्यामुळे डिसेंबरात मोगरा फुलत नाही म्हणून कपाळाला हात लावायचं कारण नाही.

आता फुलं का येत नाहीत? नव्वद टक्के उत्तर एका शब्दात: ऊन. मोगऱ्याला रोज पाच-सहा तास थेट ऊन लागतं. थेट म्हणजे थेट. ‘आमच्या हॉलमध्ये छान उजेड येतो’ हे त्याला चालत नाही. समोरची बिल्डिंग, वरच्यांच्या बाल्कनीची स्लॅब, आपली बॉक्स ग्रिल आणि तिच्यात वाळत घातलेले टॉवेल, हे सगळं वजा करून तुमच्या कुंडीवर किती तास ऊन पडतं ते एका रविवारी घड्याळ लावून बघा. तीन तास भरलं तर मोगऱ्याचा हट्ट सोडा आणि मनी प्लांट लावा. स्पष्ट बोलतेय, राग मानू नका. सोसायटीच्या गच्चीवर कुंडी ठेवायची परवानगी मिळत असेल तर सेक्रेटरीकाकांशी गोड बोला. तेवढं करण्याइतकं हे झाड नक्कीच मोलाचं आहे.

ऊन भरपूर आहे आणि तरी फुलं नाहीत? मग कात्री. मोगऱ्याला कळी येते ती नव्या फुटव्याच्या टोकाला. जुनी फांदी नुसती लांबत राहते, वेलीसारखी ग्रिलमधून बाहेर डोकावते आणि आपल्याला वाटतं, झाड काय मस्त वाढलंय! जानेवारीच्या शेवटी पाणी थोडं कमी करून झाड निम्म्यावर आणा, वाळक्या आणि काटकुळ्या फांद्या मुळापासून काढा, वरची माती खुरपून त्यात मूठ-दोन मूठ गांडूळखत मिसळा आणि मग पाणी वाढवा. मार्चपासून कळ्या मोजायला लागाल. प्रत्येक बहर संपला की फुलून गेलेली टोकं दोन पानांपर्यंत खुडायची, म्हणजे पुढचा बहर येतो. हे खुडणं जिवावर येतं, मान्य आहे. पण युरिया घालून पानं वाढवण्यापेक्षा ते कितीतरी बरं. (केळीच्या सालींचं पाणी? व्हॉट्सअॅपवर फार गाजतंय. नुकसान नाही, पण बाटलीत भिजवलेल्या सालींवर चिलटंच जास्त येतात. साली सरळ कंपोस्टमध्ये कुजवा.)

वसई-विरारकरांसाठी एक खास मुद्दा पाण्याचा. टँकरचं किंवा बोअरचं पाणी बऱ्याच सोसायट्यांत खारट किंवा जड असतं. पानांच्या कडा करपल्या तर संशय पाण्यावर घ्या. पान पिवळं आणि शिरा मात्र हिरव्या दिसल्या तर झाडाला लोह मिळत नाहीये असं समजा. फेरस सल्फेट लिटरभर पाण्यात ५ ग्रॅम विरघळवून पानांवर फवारा, महिन्याभराने पुन्हा. आणि कृपा करून आरओ प्युरिफायरचं वाया जाणारं पाणी मोगऱ्याला घालू नका. पाणी वाचवल्याचं पुण्य मिळतं, पण त्या पाण्यात क्षार आणखी दाट झालेले असतात. लादी पुसायला वापरा. त्याऐवजी एसीच्या पाइपातून बादलीत ठिबकणारं पाणी घाला, त्यात क्षार जवळजवळ नसतातच. पावसाळ्यात तर प्रश्नच मिटला, फक्त कुंडीच्या तळाचं भोक उघडं आहे ना ते बघा. आपल्याकडे पाऊस दोन हजार मिलिमीटरच्या वर पडतो आणि मोगऱ्याला पाय पाण्यात बुडवून बसायला मुळीच आवडत नाही. नर्सरीतल्या पिशवीतली लाल माती वाळली की वीट होते, म्हणून तिच्यात निम्मी वाळू-कोकोपीट आणि शेणखत मिसळल्याशिवाय झाड लावूच नका.

वाडीतला मोगरा एवढा का फुलायचा, याचं उत्तर इथेच आहे. किनारपट्टीची रेताड माती, पाणी झटकन निचरून जातं. शेजारी बावखल, म्हणजे वाडीतलं गोड्या पाण्याचं तळं. पावसाचं पाणी त्यात साठायचं, जमिनीत मुरायचं, आसपासच्या विहिरी गोड ठेवायचं. रहाटाने ते वर काढून केळी, पानवेल आणि फुलझाडांना द्यायचे. डोक्यावर आडोसा नसलेलं ऊन. आणि वर्षातून एकदा कोयता घेऊन फिरणारी आजी. मोगऱ्याला आणखी काय हवं?

नालासोपारा, निर्मळ, गिरीज, भुईगाव, आगाशी... या पट्ट्यात अजून वाड्या आहेत. पण किती दिवस? १९९० साली सिडकोकडे या भागाचं नियोजन गेलं आणि हिरवे पट्टे बांधकामाला मोकळे होणार म्हणून लोक रस्त्यावर आले. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्यासारखी माणसं ‘हरित वसई’च्या लढ्यात उभी राहिली, २०२४ च्या जुलैमध्ये ते गेले. २००९ साली महानगरपालिका झाली. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १२ लाखांच्या वर गेली होती, आणि त्यानंतर किती टॉवर उभे राहिलेत ते तुम्ही-मी खिडकीतून बघतोच. आपणही त्याच टॉवरमध्ये राहतो, तेव्हा नाकाने कांदे सोलण्यात अर्थ नाही. पण बावखलं बुजली आणि वाड्यांचे प्लॉट झाले, हे डोळ्यांदेखत झालंय.

याचा तुमच्या कुंडीशी काय संबंध? आहे. मोगऱ्याला बी जवळपास धरतच नाही. डबल पाकळ्यांच्या जातींना तर नाहीच. (ऑनलाइन ‘मोगरा सीड्स’ची पाकिटं दिसतात ना? पैसे वाचवा.) म्हणजे जगात जिथे कुठे मोगरा आहे तो कुणीतरी कुणालातरी दिलेल्या फांदीतून आलेला आहे. फिलिपाइन्सने त्याला १९३४ साली राष्ट्रीय फूल केलं, इंडोनेशियाने १९९० साली; मदुराईच्या मोगऱ्याला २०१३ साली जीआय टॅग मिळाला. ती सगळी झाडं माणसांच्या हातांनी, काडीकाडीने पसरलेली. वाडीतल्या विहिरीजवळचं पन्नास वर्षांचं झुडूप हे अशाच कुठल्यातरी जुन्या झुडपाचा तुकडा आहे. कदाचित कुणाच्या माहेरून लुगड्याच्या पदरात आलेला. या मातीत, या दमट हवेत, या खाऱ्या वाऱ्यात ते टिकलंय. उद्या जेसीबी आला आणि त्या आधी कुणी फांदी नेली नसेल, तर ते झाड तिथे संपलं. मागे बी राहत नाही की पुन्हा पेरता येईल.

म्हणून माझं म्हणणं असं की नर्सरीत दोनशे रुपये देण्याआधी ओळखीच्या एखाद्या वाडीत जाऊन काडी मागा. ऑफिसात एक तरी डाबरे, घोन्साल्विस, पाटील, नाईक, राऊत किंवा जोशी असेलच, ज्यांच्या गावच्या घरामागे मोगरा आहे.

आणि मग कटिंग! कटिंग म्हटलं की आपल्याला टपरीवरचा चहाच आठवतो, पण हेही तितकंच सोपं आहे. वेळ पावसाळ्याची, जून ते सप्टेंबर. फांदी अगदी कोवळी हिरवी नको आणि तपकिरी लाकूडही नको. मधली, पेन्सिलीपेक्षा बारीक, वाकवली तर वाकणारी पण लिबलिबीत नसलेली. पाच-सहा इंच, तीन-चार पेरं. कापायचं पेराच्या जरा खाली, कारण मुळं फुटतात ती पेराशी. कात्री आधी डेटॉलने पुसा. खालची पानं काढा, वरची दोन ठेवा आणि तीही अर्धी कापा. मुळं नसताना मोठी पानं पाणी कुठून आणणार? कळी असेल तर निर्दयपणे खुडा. टोक रूटिंग हार्मोनच्या पावडरीत बुडवा. नसेल तर कोरफडीचा गर लावणारेही आहेत, लावा, बिघडत काही नाही. अर्धी जाड वाळू, अर्धं कोकोपीट, तळाला भोकं पाडलेला दह्याचा डबा. दोन पेरं आत जातील इतकी काडी खोचा. खत मात्र अजिबात नको. वरून अर्धी कापलेली पाण्याची बाटली पालथी घाला, झालं तुमचं ग्रीनहाऊस. सावलीत ठेवा, उजेड असलेल्या सावलीत.

यानंतरचं काम सगळ्यात कठीण: काही न करणं. दहाव्या दिवशी काडीला हिरवा कोंब दिसतो आणि लोक उत्साहाने ती उपटून ‘मुळं आली का’ बघतात. कोंब काडीतल्या शिल्लक अन्नावर फुटतो, मुळांना चार ते सहा आठवडे लागतात. ओढलीत की तुटली. एकदम सहा काड्या लावा म्हणजे हात शिवशिवला तर एखादी तपासायला मोकळे, आणि निम्म्या गेल्या तरी घरात मोगरा आहेच.

पण खरं सांगू? सकाळी सातला घर सोडून रात्री नऊला परतणाऱ्यांसाठी माझं मत दाबकलमाला. घरात एक मोगरा आधीच असेल तर त्याची खालची लवचीक फांदी शेजारच्या कुंडीत वाकवायची. जिथे मातीला टेकते तिथल्या पेराखाली साल हलकेच खरवडायची, तेवढा भाग दोन इंच मातीखाली दाबायचा, वर दगड ठेवायचा, टोक बाहेर. झालं. फांदी आईपासून तोडलेली नसते, त्यामुळे मुळं येईपर्यंत आई तिला जेवू घालते. तुम्ही चार दिवस कामात बुडालात तरी ती सुकत नाही. दोन-तीन महिन्यांनी हलकेच ओढून बघा, विरोध जाणवला तर आईच्या बाजूने कापा. लगेच उचलू नका, आणखी पंधरा दिवस तिथेच राहू द्या, मग बारा इंची कुंडीत. ऊनही हळूहळू वाढवा.

कळ्यांना भोक पडलेलं दिसलं किंवा त्या जांभळट होऊन गळायला लागल्या तर ती अळी किंवा बारीक माशी. अशा कळ्या खुडून पिशवीत बांधून कचऱ्यात टाका, कुंडीत पाडू नका. कडुनिंबाचं तेल, लिटरला ५ मिली, दोन थेंब भांडी घासायचं लिक्विड, संध्याकाळी फवारा.

आणि कळी आली की? वाडीत पहाटे तोडतात, कारण ती संध्याकाळी उमलते. तुम्हीही ऑफिसला निघताना पांढऱ्या, फुगलेल्या बंद कळ्या तोडा, ओल्या रुमालात गुंडाळून टेबलावर ठेवा. सहाच्या सुमाराला आसपासची चार माणसं माना वर करतील. दोन कळ्या घरी माठात टाकायला ठेवा, त्या पाण्याची सर कुठल्या फ्लेवर्ड वॉटरला नाही.

वाडीत काडी मागायला जाताना रविवारी, दुपारच्या झोपेची वेळ टाळून जा. फांदी स्वतः तोडू नका, आजींना तोडू द्या. कुठली घ्यायची ते त्यांना तुमच्यापेक्षा बरं कळतं. त्या ‘कशाला हवी, फुलंच न्या’ म्हणतील. काडीच मागा. काड्या ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा आणि त्याच दिवशी लावा. उन्हात बाइकच्या डिकीत मात्र ठेवू नका, उकडून जातील.