घराण्याचें तेज कीं दप्तराचें?

आपल्या लोकांच्या तोंडीं 'खाण तशी माती' ही म्हण इतकी बसली आहे कीं, ती खरी कीं खोटी हा प्रश्नच कोणाच्या मनांत येत नाहीं. मोठ्या पुरुषाचा मुलगा मोठा निघाला म्हणजे म्हण सिद्ध झाली असें आपण मानतों; आणि तो नादान निघाला, तर 'दिव्याखालीं अंधार' ही दुसरी म्हण हाताशीं तयार असतेच. अनुकूल दाखला मिळाला तर तो पुरावा, आणि प्रतिकूल मिळाला तर तो अपवाद, अशी ज्या मताची सोय आहे तें मत वादांत कधींच हरावयाचें नाहीं. परंतु जें हरूंच शकत नाहीं त्यानें वाद जिंकला असेंही कोणाला म्हणतां यावयाचें नाहीं.

राजकारणांत घराण्याचा महिमा गाणाऱ्या मंडळींचा आवडता दाखला अमेरिकेंतील अ‍ॅडम्स घराण्याचा आहे. ज्या देशानें राजा आणि सरदार दोघांनाही रजा दिली, त्या देशांत सुद्धां रक्ताचा गुण लपला नाहीं, असें ही मंडळी मोठ्या समाधानानें सांगतात. आजोबा जॉन अ‍ॅडम्स हा अमेरिकेचा दुसरा अध्यक्ष. बाप जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स हा सहावा अध्यक्ष. आणि नातू चार्ल्स फ्रान्सिस अ‍ॅडम्स (१८०७–१८८६) हा कायदेपंडित, ग्रंथकार आणि यादवी युद्धाच्या काळांत लंडनच्या दरबारीं अमेरिकेची बाजू राखणारा मुत्सद्दी. लंडनच्या याच जागेवर १७८५ सालीं आजोबा व १८१५ सालीं बाप जाऊन आले होते. एकाच खुर्चीवर तीन पिढ्या! यापुढें आणखी पुरावा तो कोणता पाहिजे, असा या मंडळींचा सवाल असतो. आमचें म्हणणें असें कीं, हा दाखला त्यांनीं नीट वाचलेला नाहीं. तो नीट वाचला, तर त्यांतून त्यांच्या मताच्या अगदीं उलट मत निघतें.

प्रथम खाणच पाहूं. त्या खाणींतून निघालेलें सगळेंच सोनें नव्हतें. आजोबांचा एक मुलगा १८०० सालीं, ऐन तिशींत, दारूच्या पायीं मेला. चार्ल्स फ्रान्सिसला दोन वडील भाऊ होते. थोरला जॉर्ज वॉशिंग्टन अ‍ॅडम्स हा वकील झाला. पण १८२९ सालीं मनाचा तोल जाऊन तो आगबोटीवरून नाहींसा झाला, आणि पुढें त्याचें प्रेत किनाऱ्यास लागलें. मधला जॉन हा बापाच्या अध्यक्षपदाच्या काळांत त्याचा चिटणीस होता. तोही व्यसनानें खंगून १८३४ सालीं गेला. याच जॉनचा हार्वर्डमधील वर्गांतला क्रमांक खालचा आला, म्हणून बापानें त्याला सुटींत घरीं येण्याची मनाई केली होती. तिघांचें रक्त एक, घर एक, बाप एक. एकाचें नांव इतिहासांत राहिलें, आणि दोघे त्याच नांवाच्या ओझ्याखालीं वांकले असें म्हटल्यास तें फारसें चुकीचें होणार नाहीं. आमचे घराणेभक्त तिसऱ्याची तसबीर भिंतीवर लावतात. पण पहिल्या दोघांची आठवणही काढीत नाहींत. हिशेबाच्या वहींत फक्त जमेची बाजू लिहिणाऱ्या कारकुनाला कोणता सावकार ठेवून घेईल?

आतां तिसऱ्याला घरानें काय दिलें तें पाहूं. जें दिलें तें नाकारण्याचें आम्हांस कारण नाहीं. दोन वर्षांचा असतां तो बापाबरोबर सेंट पीटर्सबर्गला गेला. सात वर्षांचा असतां, १८१५ च्या कडक हिवाळ्यांत, आईबरोबर घोड्यांच्या गाडींतून युरोप ओलांडून तो पॅरिसला आला. शाळा इंग्लंडांत, पदवी हार्वर्डची, कायद्याचा अभ्यास डॅनिएल वेब्स्टरच्या कचेरींत. १८२९ सालीं वकिलीची सनद मिळाली आणि त्याच वर्षीं बोस्टनमधील एका अत्यंत धनाढ्य गृहस्थाची मुलगी पत्नी म्हणून घरांत आली. सनद मिळाली, पण वकिली मात्र बेताचीच चालली. कारण पोटासाठीं ती चालविण्याची गरजच उरली नव्हती. एवढी शिदोरी गरिबाच्या मुलाला मिळत नाहीं हें उघड आहे. परंतु ही शिदोरी म्हणजे रक्त नव्हे. भाषा, प्रवास, शाळा, ग्रंथ आणि फुरसत या पांच गोष्टी पैशानें व संधीनें मिळतात. त्या बीजांतून उगवत नाहींत.

आणि नांवाची किंमत? १८४८ सालीं गुलामगिरीच्या विस्ताराला विरोध करणाऱ्या फ्री सॉइल पक्षानें त्याला उपाध्यक्षपदासाठीं उभा केला. दोन अध्यक्षांचा वारस असूनही त्या पक्षाच्या पदरांत एकाही संस्थानाचें मत पडलें नाहीं. १८६१ सालीं लंडनची जागा मिळाली, ती मुख्यतः परराष्ट्रमंत्री स्यूअर्ड याच्या आग्रहानें. आभार मानण्यास अ‍ॅडम्स लिंकनकडे गेला, तेव्हां 'आभार माझे नव्हेत, स्यूअर्डचे माना' अशा अर्थाचें उत्तर देऊन लिंकननें स्यूअर्डशीं शिकागोच्या पोस्टमास्तराची गोष्ट काढली, अशी हकीकत अ‍ॅडम्सच्या मुलानेंच बापाच्या चरित्रांत लिहून ठेविली आहे. रानांतल्या झोंपडींत जन्मलेल्या त्या अध्यक्षाला समोरच्या माणसाच्या आजोबांचें कौतुक करीत बसण्यास सवड नव्हती. नांवानें दार उघडलें हें आम्ही मान्य करतों; पण दाराआंत गेल्यावर नांव बाहेरच्या खुंटीवर टांगून ठेवावें लागलें.

आतां लंडनांत काय झालें तें पाहूं. कारण वादाचा निकाल तेथेंच लागावयाचा आहे. आपल्या जुन्या मराठींत परदरबारीं राहणाऱ्या प्रतिनिधीलाही 'वकील' असेंच म्हणत. चार्ल्स फ्रान्सिस हा या दोन्ही अर्थांनीं वकील ठरला, आणि त्याच्या यशाचें सारें मर्म या एका शब्दांत आहे. १३ मे १८६१ रोजीं तो लंडनला पोहोंचला. इंग्लंडनें आपल्या तटस्थतेचा जाहीरनामा काढून दक्षिणेकडील बंडखोरांना युद्धमान पक्षाचा दर्जा दिला तोही त्याच दिवशीं. त्याच महिन्यांत स्यूअर्डचा एक खलिता निघाला. तो इतका तिखट होता कीं, तसाच वाचून दाखविला असता तर तंटा विकोपाला जाता. लिंकननें तो आधींच थोडा मवाळ केला होता. अ‍ॅडम्सनें त्याचा फक्त आशय सांगितला. वर्षअखेर 'ट्रेंट' या इंग्रजी टपालबोटीवरून दक्षिणेचे दोन प्रतिनिधी अमेरिकन कप्तानानें ओढून काढले, आणि दोन्ही देश लढाईच्या उंबरठ्यावर आले. तेव्हांही अ‍ॅडम्सचें शस्त्र एकच होतें: आवाज चढवावयाचा नाहीं.

परंतु खरी कसोटी जहाजांची होती. बर्कनहेड येथील लेअर्डच्या गोदींत दक्षिणेसाठीं एक लढाऊ जहाज बांधलें जात होतें. लिव्हरपूलचा अमेरिकन कॉन्सल टॉमस डडली यानें खलाशांचे प्रतिज्ञालेख गोळा केले. अ‍ॅडम्सनें ते एका नामांकित इंग्रज कायदेपंडिताच्या अभिप्रायासह परराष्ट्रमंत्री अर्ल रसेल याच्याकडे धाडले. सरकारचे कागद ज्या कायदे-सल्लागाराकडे गेले त्याला नेमका त्याच सुमारास बुद्धिभ्रंश झालेला. दप्तर तेथें कित्येक दिवस पडून राहिलें. आणि २९ जुलै १८६२ रोजीं चांचणीची फेरी असें भासवून जहाज निसटलें. हेंच पुढें 'अलाबामा' या नांवानें गाजलें. दोन वर्षांच्या आंत त्यानें साठांहून अधिक अमेरिकन जहाजें धरलीं किंवा जाळलीं. अ‍ॅडम्स काय करीत होता? प्रत्येक जळालेल्या जहाजाची हकीकत, साक्षीपुराव्यासह, रसेलच्या टेबलावर ठेवीत होता. उत्तर नकाराचें येई. तो पुढचा कागद पाठवी.

१८६३ सालीं त्याच गोदींत दोन चिलखती जहाजें तयार होत आलीं. ५ सप्टेंबर रोजीं अ‍ॅडम्सनें रसेलला लिहिलें कीं, हीं जहाजें सुटलीं तर त्याचा अर्थ युद्ध, हें वेगळें सांगण्याची गरज नाहीं. हें एक वाक्य शाळकरी पुस्तकांतून गाजलें, आणि तीन पिढ्यांचें तेज त्या वाक्यांत उतरलें असें घराण्याचे भाट सांगत आले. वस्तुस्थिति मात्र अशी कीं, जहाजें अडकवून ठेवण्याचा हुकूम रसेलनें दोन दिवस आधीं, ३ तारखेसच, दिला होता. गाजलेलें वाक्य उशिरा पोहोंचलें; न गाजलेलें दप्तर वेळेवर पोहोंचलें होतें. गेटिसबर्ग आणि विक्सबर्ग येथें जुलैंत मिळालेल्या विजयांचें वजनही त्या पारड्यांत होतें, हें कोणी नाकारूं नये. पण कागदांपुरतें बोलावयाचें, तर तेजस्वी वाक्यानें नव्हे, दोन वर्षांच्या नीरस, तारीखवार, साक्षांकित पुराव्यानें तीं जहाजें थांबविलीं.

आणि हा पुरावा गोळा करणारा डडली कोण? न्यू जर्सीच्या एका शेतावर विधवा आईनें वाढविलेला क्वेकर पंथाचा वकील. त्याच्या आजोबांची तसबीर कोणत्याही मंत्रालयांत नव्हती. अ‍ॅडम्सच्या कीर्तींतला मोठा वांटा या बिनघराण्याच्या माणसाचा आहे. घराणेवाद्यांनीं अ‍ॅडम्सचें नांव घेतांना डडलीचें नांव कधीं घेतलें आहे काय? आम्हीं तरी ऐकलेलें नाहीं. दोघेही एका दप्तरावर राबले. एकाचा पुतळा डोळ्यांसमोर आणि दुसऱ्याचें नांव तळटीपेंत, हा भेद कामाचा नव्हे, आडनांवाचा आहे.

त्या दप्तराचें फळ १८७२ सालीं मिळालें. जिनीव्हा येथें पांच पंच बसले. अमेरिकेच्या बाजूनें खुद्द अ‍ॅडम्स, इंग्लंडच्या बाजूनें सर अलेक्झांडर कॉकबर्न, आणि इटली, स्वित्झर्लंड व ब्राझील या देशांचे एकेक. अमेरिकेनें अप्रत्यक्ष नुकसानीचा अवाढव्य दावा पुढें रेटल्यामुळें सारी बैठकच मोडण्याची वेळ आली. तेव्हां तो दावा आंतरराष्ट्रीय न्यायांत बसत नाहीं असें पंचांनीं आधींच सांगून टाकावें, ही वाट अ‍ॅडम्सनें काढली. म्हणजे आपल्याच सरकारच्या फाजील मागणीवर त्यानें पाणी सोडविलें. १४ सप्टेंबर रोजीं निकाल लागला आणि इंग्लंडनें १ कोटि ५५ लक्ष डॉलर भरावे असें ठरलें. दोन बलाढ्य राष्ट्रांचें भांडण तोफेवांचून मिटलें. यांत बापजाद्यांचा हात कोठें होता? होता तो कायद्याच्या शिस्तीचा.

ग्रंथकार म्हणून त्याची गोष्ट अधिक नाजूक आहे. आजीचीं पत्रें त्यानें १८४० सालीं छापलीं. आजोबांच्या लेखांचे दहा खंड १८५० ते १८५६ या काळांत, आणि बापाच्या रोजनिशीचे बारा खंड १८७४ ते १८७७ या काळांत काढले. हें काम प्रचंड, आणि अमेरिकेच्या इतिहासाला अमोल आहे. परंतु तें करतांना त्यानें पत्रांची भाषा साफसूफ केली आणि घरगुती मजकूर गाळला. परक्या सरकारपुढें पुराव्याचा एकही कागद न लपविणारा हा माणूस घरच्या पेटीपुढें मात्र थोडा कचरला. घराणें मनुष्याला काय करतें याचा याहून बोलका दाखला आम्हांस ठाऊक नाहीं. जेथें तो वकील होता तेथें सत्याशीं इमान राखून होता. जेथें तो वारस होता तेथें त्याच्या हातीं कात्री आली.

यावर दुसरा एक पक्ष पुढें येईल आणि म्हणेल, 'मग थोरांच्या मुलांना राजकारणांत पाऊलच टाकूं देऊं नये.' हेंही आम्हांस मान्य नाहीं. बापाच्या नांवावरून माणसाला खुर्ची देणें हा जितका अन्याय, तितकाच त्याच नांवावरून ती हिरावून घेणें हाही आहे. १८७२ सालीं सिनसिनाटीच्या सभेंत अध्यक्षपदाच्या उमेदवारींत पहिल्या फेरीला अ‍ॅडम्सच आघाडीवर होता. पण त्यासाठीं कोणाशीं सौदा करणार नाहीं असें आधींच लिहून देऊन तो जिनीव्हाच्या कामासाठीं निघून गेला, आणि उमेदवारी होरेस ग्रीलीला मिळाली. ज्याला वारसा हा हक्क वाटतो तो असा वागत नाहीं; ज्याला तो कर्ज वाटतो तोच असा वागतो.

आमचा वाद अ‍ॅडम्सशीं नाहींच. तो आहे त्याचें नांव घेऊन आपल्या चिरंजिवांसाठीं वाट साफ करणाऱ्यांशीं. शिवाजीमहाराजांनीं अष्टप्रधानांचीं पदें वंशपरंपरा होऊं दिलीं नाहींत आणि पुढें तीं तशीं झालीं, तेव्हां राज्याची घडी बिघडली, हें न्यायमूर्ति रानडे यांनीं १९०० सालींच आपल्या मराठ्यांच्या इतिहासांत दाखविलें आहे. तो धडा आपल्याच घरचा आहे. तो शिकण्यासाठीं अटलांटिक महासागर ओलांडावयास नको होता. पण विरुद्ध पक्षानें साक्षीदार अमेरिकेंतून आणला, म्हणून त्याची उलटतपासणीही तेथेंच करणें भाग पडलें.

तिचा निष्कर्ष थोडक्यांत असा. मुलाला बापाचें नांव मिळतें तें फुकट. तें राखण्याचें मोल मात्र त्यालाच द्यावें लागतें. म्हणून घरांत मुलाला आजोबांची तसबीर अवश्य दाखवावी. परंतु तिच्याशेजारीं त्यांचें दप्तरही उघडून ठेवावें. आणि मत देतांना, किंवा नेमणूक करतांना, उमेदवाराचा बाप कोण हें विचारण्यापूर्वीं त्याच्या हातचा एक कागद मागवून वाचावा. तो कागद जर कोणा डडलीचा निघाला, तर खुर्ची त्याला द्यावी.