आकडा वाचला, चित्र कोणी पाहिले?

१९ मार्च २०२५ रोजी न्यूयॉर्क येथे ख्रिस्टीजच्या लिलावात मकबूल फिदा हुसेन यांचे १९५४ सालचे 'ग्रामयात्रा' हे चित्र १ कोटी ३७ लाख ५० हजार डॉलरना, म्हणजे सुमारे ११८ कोटी रुपयांना, विकले गेले. लिलावापूर्वीचा अंदाज २५ ते ३५ लाख डॉलरचा होता. आधुनिक भारतीय चित्राला लिलावात तोवर एवढी किंमत आली नव्हती. पुढच्याच महिन्यात मुंबईत सॅफ्रनआर्टच्या लिलावात तैयब मेहता यांचे १९५६ सालचे 'ट्रस्ड बुल' हे चित्र ६१ कोटी ८० लाखांना गेले. दोन्ही बातम्या मराठी वृत्तपत्रांच्या वाचकापर्यंत पोचल्या आणि दोन्ही वेळी ठरलेल्या प्रतिक्रिया उमटल्या. या प्रतिक्रियांविषयीच आम्हाला येथे लिहायचे आहे. कारण त्यांत आपल्या कलाविचाराची, आणि साहित्याच्या अभ्यासक्रमांत आपण जे सौंदर्यशास्त्र शिकवतो त्याचीही, खरी स्थिती दिसते.

प्रतिक्रिया ढोबळमानाने चार प्रकारच्या असतात. पहिली अभिमानाची : पंढरपुरात जन्मलेल्या चित्रकाराने सातासमुद्रापार झेंडा रोवला. दुसरी उपहासाची : असले तर आमच्या घरातले पोरही काढील. तिसरी संशयाची : हा सगळा काळा पैसा पांढरा करण्याचा खेळ आहे. चौथी नीतीची : एवढ्या पैशांत किती शाळा बांधून झाल्या असत्या! वरवर पाहता ही मते परस्परविरोधी आहेत. अभिमान बाळगणारा आणि नाक मुरडणारा एकमेकांशी कडाकडा भांडतात. पण दोघांमध्ये एक गोष्ट समान आहे : दोघांनीही चित्र पाहिलेले नसते, दोघांनीही आकडा वाचलेला असतो. आमचा मुख्य आक्षेप तोच आहे. किंमत ही चित्राविषयीची माहिती नाही. ती मालकीविषयीची माहिती आहे. तिच्यावरून चित्राविषयी काढलेला कोणताही निष्कर्ष, मग तो गौरवाचा असो वा निंदेचा, पोकळच असणार.

प्रथम अभिमानाचा समाचार घेऊ, कारण तो सभ्य दिसतो. २००२ साली तैयब मेहतांच्या 'सेलिब्रेशन' या त्रिपटचित्राला न्यूयॉर्कमध्ये ३ लाख १७ हजार ५०० डॉलर मिळाले. २००५ साली त्यांच्या 'महिषासुर' या १९९७ सालच्या चित्राने १५ लाख ८० हजार डॉलरचा, म्हणजे त्या वेळच्या हिशेबाने सुमारे सात कोटी रुपयांचा, टप्पा गाठला आणि समकालीन भारतीय चित्राने प्रथमच दहा लाख डॉलरची मर्यादा ओलांडली. त्या दिवसापासून तैयब 'थोर' झाले. पण १९६८ साली दिल्लीच्या पहिल्या त्रैवार्षिक प्रदर्शनात सुवर्णपदक मिळवणारे तैयब थोर नव्हते काय? फाळणीच्या दिवसांत मोहम्मद अली रोडवर जमावाने एका माणसाला ठार करताना पाहिले, ते दृश्य आयुष्यभर उराशी बाळगून कोसळत्या मानवाकृतीचा शोध घेत राहिलेले तैयब थोर नव्हते काय? हातोडा पडण्यापूर्वी आणि पडल्यानंतर कॅनव्हासवरील एकही रेषा हललेली नसते. ज्या अभिमानाला जागे होण्यासाठी परदेशातील लिलावाची घंटा लागते तो कलेचा अभिमान नव्हे. तो शेअरबाजाराच्या निर्देशांकाचा अभिमान आहे. निर्देशांक घसरला की तोही घसरणार.

उपहासाची प्रतिक्रिया अधिक लक्षपूर्वक तपासण्यासारखी आहे, कारण तिच्यामागे एक कलाविषयक गृहीतक आहे. गायतोंडे यांच्या अमूर्त चित्रासमोर सामान्य प्रेक्षक निदान बिचकतो; 'हे मला कळत नाही' एवढे तरी म्हणतो. कॅनव्हासवर माणूस दिसला की मात्र तोच प्रेक्षक परीक्षक होतो. माणूस कसा दिसतो हे त्याला ठाऊक असते! मग हात आखूड का, मान कोठे गेली, पाय एवढे जाड कसे, असे प्रश्न सुरू होतात. मानवाकृतीचे चित्र म्हणजे छायाचित्राची हुकलेली नक्कल, हे ते गृहीतक. मूर्त चित्राला अमूर्तापेक्षा जास्त प्रेक्षक मिळतात असे म्हणतात. आम्हाला वाटते, त्याला जास्त न्यायाधीश मिळतात.

हे केवळ आपल्याकडेच घडते असेही नाही. २००८ साली ल्युशियन फ्रॉइड यांच्या 'बेनिफिट्स सुपरवायझर स्लीपिंग' या चित्राला ३ कोटी ३६ लाख डॉलर मिळाले. हयात चित्रकाराच्या चित्राला लिलावात मिळालेली ती तेव्हाची विक्रमी रक्कम होती. सोफ्यावर निजलेल्या त्या नग्न, स्थूल स्त्रीच्या देहावर रंगाचे थर चढवून फ्रॉइड यांनी मांसाचे वजन, त्याची उष्णता, त्याचा थकवा कसा उभा केला हा चर्चेचा विषय व्हायला हवा होता. चर्चा झाली ती मात्र तिच्या देहाच्या आकाराची आणि चित्राच्या किमतीची. दोन्ही गोष्टी मोजता येणाऱ्या. आणि जे मोजता येते तेवढेच बोलता येते, ही अडचण सार्वत्रिक आहे.

तैयबांच्या 'महिषासुर'समोर उभे राहणाऱ्याने काय पाहायचे? पुराणकथेत देवी असुराचा वध करते. लोकप्रिय प्रतिमांतही विजय आणि पराजय स्पष्ट विभागलेले असतात : देवी वर, असुर खाली. तैयबांच्या चित्रात देवी आणि महिष यांचे अवयव एकमेकांत असे गुंतलेले आहेत की ही झुंज आहे की मिठी, असा प्रश्न पडावा. सपाट रंगक्षेत्रे, धारदार बाह्यरेषा, छायाप्रकाशाचा अभाव. म्हणजे हिंसेचे चित्र, पण रक्ताचा एक थेंब नाही. त्यामुळे प्रेक्षकाला ना विजयाचा जल्लोष करता येत, ना सुटकेचा निःश्वास टाकता येत. हात 'बरोबर' काढला असता तर ही गुंतागुंत सुटून गेली असती आणि चित्र मेले असते. आणि घरातले पोर? ज्या चित्रकाराने समाधान झाले नाही म्हणून आपले कितीतरी कॅनव्हास स्वतःच्या हाताने नष्ट केले, त्याच्या निग्रहाची तुलना कोणत्या पोराशी करायची, हे उपहास करणाऱ्यांनीच ठरवावे.

संशयाच्या प्रतिक्रियेला आम्ही सरसकट खोटे म्हणणार नाही. कलाबाजारात गोपनीयता आहे, ग्राहकांची नावे झाकलेली असतात, गुंतवणूक म्हणून चित्रे घेऊन गोदामात ठेवणारे लोकही आहेत. या व्यवहारांवर करखात्याने आणि पत्रकारांनी जरूर नजर ठेवावी. पण जमिनीच्या व्यवहारातही काळा पैसा असतो. म्हणून कोणी सह्याद्रीला बनावट म्हणत नाही. व्यवहार संशयास्पद असेल तर व्यवहारावर बोला. त्याच्या आडून चित्राला फसवणूक ठरवण्याची पळवाट नको.

राहिला शाळांचा हिशेब. हा युक्तिवाद ऐकताना मन विरघळते, म्हणून तो अधिक घातक आहे. एका श्रीमंताकडून दुसऱ्याकडे गेलेला पैसा शाळेच्या अंदाजपत्रकातून आलेला नसतो; चित्र विकले गेले नसते तर तो शाळेत गेला असता, असे मानण्याला आधार नाही. आणि 'ग्रामयात्रे'च्या बाबतीत तर हा हिशेब अक्षरशः उलटा आहे. हे चित्र १९५४ सालीच लिऑन एलियास व्होलोडार्स्की या नॉर्वेस्थित शल्यचिकित्सकाने दिल्लीत विकत घेतले होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कामासाठी ते भारतात आले होते. पुढे १९६४ मध्ये ते चित्र ऑस्लोच्या विद्यापीठ रुग्णालयाकडे गेले. २०२५ च्या विक्रीतून आलेला पैसा डॉक्टरांच्या प्रशिक्षणासाठी वापरला जाईल, असे त्या वेळी जाहीर करण्यात आले होते. 'चित्रापेक्षा रुग्णालय बरे' म्हणणाऱ्यांनी ही माहिती वाचली होती काय? रुग्णालयाला पैसा चित्रामुळेच मिळाला. नीतीची तळमळ खरी असेल तर तिला माहितीचे वावडे नसावे.

मग विक्रमी किंमत ही जनतेच्या चिंतेची बाब नाहीच काय? आहे, पण वेगळ्या कारणासाठी. ते कारण साहित्याच्या विद्यार्थ्याला चटकन कळावे. एखाद्या धनिकाने 'कोसला'च्या हजार प्रती विकत घेतल्या तरी आपली 'कोसला' आपल्या हातातच राहते. पुस्तकाची प्रत विकली जाते, कृती सर्वांची राहते. चित्र मात्र एकच असते. ते ज्या भिंतीवर टांगले जाईल ती भिंत ज्याची, त्याच्या इच्छेवर आपले पाहणे अवलंबून. 'ग्रामयात्रा' सुमारे चौदा फूट रुंद आहे. तिच्यात तेरा खंड आहेत. खेड्यातील बाया, मुले, बैलगाडी अशी एकेक चौकट पाहत आपण जातो आणि एका ठिकाणी शेतकऱ्याचा हात आपली चौकट ओलांडून शेजारच्या चौकटीतील भूमीला आधार देतो. ही चौकट ओलांडण्याची क्रिया छापील चित्रातून कळते. तिचा आकार अंगावर येत नाही. स्वतंत्र झालेल्या देशाने आपल्या खेड्याकडे कसे पाहिले, याचा हा दस्तऐवज सुमारे सात दशके आपल्या दृष्टीआड होता. याची खंत किती जणांनी व्यक्त केली? ते चित्र दिल्लीच्या किरण नाडर संग्रहालयाने घेतल्याचे वृत्तपत्रांतून आले, म्हणजे ते प्रेक्षकांसाठी परतले. खरी बातमी ही होती. ती ११८ कोटींखाली गाडली गेली.

प्रतिक्रिया याहून वेगळी असू शकते, याचे उदाहरण शिकागो शहराने दिले आहे. केरी जेम्स मार्शल हे कृष्णवर्णीय माणसांच्या आकृती कॅनव्हासच्या केंद्रस्थानी आणणारे चित्रकार. मे २०१८ मध्ये त्यांच्या 'पास्ट टाइम्स' या चित्राला २ कोटी ११ लाख डॉलर मिळाले. ते विकणाऱ्या शिकागोतील सार्वजनिक संस्थेने १९९७ साली ते २५ हजार डॉलरना घेतले होते. हा विक्रम झाल्यावर त्याच वर्षी त्या शहराच्या प्रशासनाला आपल्या एका ग्रंथालयातील भिंत एकाएकी मौल्यवान दिसू लागली. तेथे मार्शल यांचे १९९५ सालचे 'नॉलेज अँड वंडर' हे चित्र होते. पुस्तकांकडे विस्मयाने पाहणारी मुले त्यात आहेत. ग्रंथालयाच्या सुधारणेसाठी ते लिलावात काढायचे ठरले. त्यावर टीका झाली, स्वतः चित्रकाराने नापसंती दर्शवली आणि नोव्हेंबर २०१८ मध्ये विक्री मागे घेण्यात आली. तेथे वाद होता तो 'आमच्या मुलांसमोरची भिंत रिकामी होणार' याचा. किंमत ठाऊक असूनही लोक किमतीपलीकडचे बोलले.

आपल्याकडेही अशा भिंती आहेत. होमी भाभा यांनी टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या इमारतीवरील खर्चाचा एक टक्का कलाकृतींसाठी राखून ठेवण्याची संमती मिळवली आणि त्यातून भारतातील आधुनिक चित्रकलेचा एक अग्रगण्य संग्रह कुलाब्यात उभा राहिला. हुसेन यांचे पंचेचाळीस फूट लांबीचे 'भारत भाग्यविधाता' तेथेच आहे. मात्र संशोधन संस्थेचे आवार असल्यामुळे तेथे मुक्त प्रवेश नाही. त्या संग्रहाचे नियमित सार्वजनिक दर्शन व्हावे म्हणून मराठी माणसाने कधी आवाज उठवला आहे काय? राज्यातील किती विद्यापीठांनी आपल्या नव्या इमारतींवरील खर्चाचा अर्धा टक्का तरी चित्रांसाठी राखला?

आणखी एक प्रश्न, जो विचारला जात नाही : किंमत वाढते तेव्हा चित्रकाराला काय मिळते? आपल्या कॉपीराइट कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने ५३-अ हे कलम आले. मूळ चित्र, शिल्प वा रेखाटन दहा हजार रुपयांहून अधिक किमतीला पुन्हा विकले गेले, तर त्या रकमेत निर्मात्याचा किंवा त्याच्या वारसांचा हिस्सा असावा, तो दहा टक्क्यांहून अधिक नसावा, अशी ही तरतूद आहे. साहित्याच्या मंडळींनी हेही लक्षात घ्यावे की साहित्यकृतीचे मूळ हस्तलिखितही या कलमात समाविष्ट आहे. ब्रिटनमध्ये असा हक्क २००६ पासून राबवला जातो. आपल्याकडे कलम कागदावर आहे आणि व्यवहारात जवळजवळ निद्रिस्त आहे. हातोडा न्यूयॉर्कमध्ये पडला तर ते तेथवर पोचतही नाही. 'एवढे पैसे कशाला?' असे विचारणाऱ्यांनी 'त्यातले किती कोणाला?' असे विचारले असते, तर त्यांच्या रागाचा काही उपयोग झाला असता.

शेवटी ज्यांच्यासाठी हे लिहीत आहोत त्यांच्याकडे वळतो. मराठीच्या पदव्युत्तर वर्गात सौंदर्यशास्त्र हा विषय असतो. मर्ढेकरांच्या लयतत्त्वातील संवाद, विरोध आणि समतोल यांवर टिपा लिहिल्या जातात. पाटणकरांच्या 'सौंदर्यमीमांसे'वर प्रश्न येतात. मर्ढेकरांचा विचार रंग, रेषा, स्वर यांच्या संवेदनांवर उभा आहे. तरीही एकही मूळ चित्र न पाहता या विषयात पहिला वर्ग मिळवता येतो. विरोधलय म्हणजे काय हे ज्याने कधी डोळ्यांनी अनुभवले नाही, त्याला तैयबांच्या तिरक्या रेषेने दुभंगलेल्या आकृतीसमोर किमतीशिवाय दुसरे काय सुचणार? तो एकतर टाळी वाजवील, नाहीतर शिवी देईल. वृत्तपत्रांना दोष देण्यापूर्वी अभ्यासमंडळांनी आपल्या दारात पाहावे. मुंबईत सर कावसजी जहांगीर हॉलमध्ये राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय १९९६ पासून आहे. जहांगीर कलादालन तेथून जवळच, १९५२ पासून आहे. बरव्यांचे 'कोरा कॅनव्हास' मराठीत आहे. साधने नाहीत असे म्हणायची सोय नाही.

आमची मागणी साधी आहे. सौंदर्यशास्त्राच्या अभ्यासक्रमात निदान एक मूळ चित्र समोर उभे राहून पाहणे आणि त्यावर दोन पाने लिहिणे सक्तीचे करावे. त्या दोन पानांत चित्राची किंमत लिहिणाऱ्याचे गुण कापावेत. पुढचा विक्रम होईलच. बाजाराला तेवढा दम धरवत नाही. त्या दिवशी आपल्या विद्यार्थ्याने 'किती कोटींना गेले?' असे न विचारता 'ते आता कोठे पाहायला मिळेल?' असे विचारले, तर आपण काहीतरी शिकवले असे म्हणता येईल.