एक नदी, चार वह्या

वर्धेकरांच्या मनात धाम नदी असते ती पवनारच्या आश्रमापाशी, जिथे विनोबा 1938 मध्ये राहायला आले. पण घरातल्या तोटीचे नाते आहे वरच्या अंगाच्या महाकाळीच्या धरणाशी. धरणातून सोडलेले पाणी पात्रातून वाहत येते आणि येळाकेळी, पवनार इथे उचलून, शुद्ध करून घरोघरी जाते.

धरण जलसंपदा विभागाचे. शहराचे नळ नगर परिषदेचे. पिपरी मेघे आणि भोवतालच्या गावांची योजना महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाची. शिवाय ग्रामपंचायती आहेतच. शहर कुठे संपते आणि गाव कुठे सुरू होते, हे आता सांगता येत नाही. मात्र नळपट्टीची पावती ते बिनचूक सांगते. नदी एक, वह्या चार!

2019 च्या उन्हाळ्यात धरणाच्या मृतसाठ्याला हात घालावा लागला, तेव्हा तहानेला हद्द नसते हे सर्वांना एकदमच कळले. पाऊस आला आणि वह्या पुन्हा मिटल्या.

उमेदीची वर्षे बँकेत गेल्यामुळे मला इथे क्लिअरिंग हाऊस आठवते. एरवी ठेवींसाठी एकमेकांशी चढाओढ करणाऱ्या बँका धनादेशांच्या हिशेबासाठी मात्र एका टेबलाशी बसत. कुणी कुणात विलीन होत नसे. पण हिशेब जुळल्याशिवाय कुणी उठतही नसे.

पाण्याचेही तसे का होऊ नये? हॉलंडमध्ये गेल्या शतकाच्या मध्याला दोनशेच्या आसपास पाणीसंस्था होत्या. एकत्र येत येत त्या दहावर आल्या. फ्रान्सने 1890 च्या कायद्याने लहान गावांना अशा कामांसाठी संघ करण्याची मुभा दिली. ग्रामसभा ज्याच्या त्याच्याच राहिल्या.

यावर कुणी म्हणेल, आपल्या प्रादेशिक नळयोजनांचे काय झाले? प्रश्न रास्त आहे. शेवटच्या गावापर्यंत जाता जाता धार बारीक होते, म्हणून ते गाव पट्टी भरत नाही. पट्टी थकली की विजेचे बिल थकते आणि वीज तुटली की पहिल्या गावाचेही नळ कोरडे पडतात. नळ जोडले, पण जबाबदारी जोडली नाही, हे त्या अपयशाचे मूळ.

म्हणून आरंभ लहान असावा. धरणात पाणी किती, शेतीच्या आवर्तनाला किती, कुणी किती उचलले आणि घरापर्यंत किती पोचले, याचा एक सामाईक ताळेबंद दर आठवड्याला चारही कार्यालयांच्या दारावर लागावा. जादा पंप, गळती शोधणारे यंत्र, पाणी तपासणारी प्रयोगशाळा एकमेकांना वापरू द्यावी. कपात करायची वेळ आली तर तिचा नियम पावसाळ्यातच ठरावा, म्हणजे उन्हाळ्यात भांडण उरणार नाही.

जलजीवन मिशनने 2019 पासून खेड्यातल्या माणशी रोज 55 लिटरचे माप ठरवले आहे. ते नळ बसवल्याने पुरे होत नाही. नळामागची नदी सर्वांना पुरवून वापरावी लागते. एका विहिरीवर चार घरांचे दोर असले, तर ते गुंतू न देण्याची रीत आपल्या आज्यांना ठाऊक होती. कार्यालयांना ती शिकायला अवघड जाऊ नये.